नवसाचं मीठ

गार्नी, ११ ऑक्टोबर

प्रिय मेनुआ,

या पत्रावर ग्रनोबलचा शिक्का पाहून गोंधळू नकोस. यंदाच्या मोसमातल्या माझ्या शेवटच्या पर्यटकांच्या गटात कोलेत नावाच्या एक बाई होत्या. ग्रनोबलमध्ये औषधांचं दुकान चालवून आता त्या निवृत्त झाल्या आहेत. उद्या दुपारी त्या परत जातील आणि तिथल्या पेटीत हे टाकतील. आपल्या टपालावर माझा विश्वास नाही असं नाही, पण या पत्राने वेळेत पोचायला हवं. का, ते शेवटी कळेल. पत्ता तुझ्या आईच्या वहीतून घेतला, तिला विचारून. माझा फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल या पत्रात काही नाही. उचलला असतास तरी मी बहुधा भाषणच केलं असतं. कागदावर निदान मध्येच थांबून खोडता येतं.

आधी घरच्या बातम्या. मागच्या अंगणातल्या बिहीला यंदा इतकी फळं लागली की दोन फांद्यांना टेकू द्यावे लागले. छपराचा पत्रा बदलला. शाळेत माझ्या जागी जो नवा शिक्षक आला आहे तो मुलांना तारखा पाठ करायला लावतो. मी काही बोललो नाही, निदान त्याच्यासमोर नाही. आणि मिसाकमामाचा तो मेंढा अजून जिवंत आहे. तुझ्यासाठी निवडलेला, कपाळावर पांढरा ठिपका असलेला. नवसाला बोललेलं जनावर विकता येत नाही, कापता येत नाही, कुणाला देताही येत नाही, म्हणून मामा त्याला चार वर्षं नुसता पोसतोय. तो आता वासराएवढा झाला आहे आणि गेल्या वसंतात त्याने वीजमंडळाच्या माणसाला धडक मारून ओढ्यात पाडलं. मामा माझ्याकडे बोट दाखवून म्हणतो, आनुशावानच्या हट्टापायी माझ्या दारात राक्षस वाढला. आईचा नवस मी अडवून ठेवला आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. तो फेडला जाणार की नाही, एवढाच प्रश्न आपल्या घरात चार वर्षं उभा आहे, आणि त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही.

युद्धात तू एकोणीस दिवस बेपत्ता होतास. त्या एकोणीस दिवसांत मी काय करत होतो ते मला नीट आठवत नाही. यादीमागून यादी वाचत होतो, बहुतेक. आई सतराव्या दिवशी चालत गेघार्दच्या मठात गेली, जाताना आणि येताना चालत, आणि मेंढा बोलून आली. दोन दिवसांनी तू गोरिसच्या इस्पितळात सापडलास. तू घरी आल्यावर डिसेंबरात आपण टेबल मांडलं, चौदा माणसांचं, आणि मिसाकमामा पेला घेऊन उठला आणि म्हणाला की मेंढा निवडून ठेवला आहे, शनिवारी जायचं. तेव्हा मी उठलो. मला कुणी उठायला सांगितलं नव्हतं. चळवळीतल्या चौकसभांपासून मला भाषणाला उठायची सवय आहे, अठ्ठ्याऐंशी सालापासून. पेला हातात आला की माझ्यासमोर एक लाख माणसं उभी राहतात. त्या दिवशी मी काय बोललो ते तू ऐकलंस. त्यातलं बरंचसं मला आजही खरं वाटतं. जो देव आयांकडून मेंढे मोजून घेतो आणि मग मुलं परत करतो, त्याच्याशी मला व्यवहार करायचा नाही. हे मी आजही म्हणेन. पण मी तिथे थांबलो नाही. त्याबद्दल पुढे लिहितो, आत्ता लिहिलं तर मी पुन्हा वाद घालायला लागेन.

आता या दौऱ्याचं. पाच दिवस, आठ पाहुणे, सगळे फ्रेंच, सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांच्या गुडघ्यांना पट्टे. गाडी साहाकची, नेहमीचीच पांढरी. साहाक तुला आठवत असेल. माझ्या वर्गात तीन वर्षं शेवटच्या बाकावर झोपला आणि आता त्याचा सूड म्हणून दहा वर्षं मला पुढच्या सीटवर झोपू देत नाही. निघण्याच्या आदल्या दिवशी आई वानाद्झोरला मावशीकडे लोणच्याच्या कामाला गेली होती, म्हणून वाटेतल्या जेवणाची टोपली मी भरली. उकडलेली अंडी, टोमॅटो, काकड्या, चीज, पालेभाजीची जुडी, लावाशच्या पोळ्या. मिठाची बरणी रिकामी होती. फळीवर, बिहीच्या मुरंब्यामागे, एका फडक्यात बांधलेलं जाडं मीठ सापडलं. मी गाठ सोडली, मीठ डब्यात ओतलं आणि फडकं अंड्यांभोवती गुंडाळलं. ते कसलं मीठ आहे हे मला माहीत नव्हतं. खरंच नव्हतं का, हे मी नंतर स्वतःला बरेचदा विचारलं. आईने तेव्हा मीठ मंतरून आणलं होतं हे मला माहीत होतं. ती ते त्या जेवणानंतर फेकून देईल असं मी गृहीत धरलं होतं. दुसऱ्यांनी काय फेकून दिलं असेल ते मी नेहमीच गृहीत धरतो.

पहिले दोन दिवस नेहमीसारखे गेले. खोर विरापच्या मठापासून डोंगर स्वच्छ दिसला आणि मी बोललो. साहाक गाडीला टेकून घड्याळ बघत उभा राहतो आणि नंतर निकाल सांगतो. “मास्तर, आज बावीस मिनिटं. डोंगरावरचं बर्फ कमी झालं थोडं.” पाहुण्यांपैकी बर्नार नावाचे गृहस्थ, कधीकाळचे पूल बांधणारे, प्रत्येक कमानीखाली उभे राहून ती कशी टिकली याचा तपास करायचे. कोलेतबाई प्रश्न विचारत नसत. त्या ऐकायच्या आणि एका लहान वहीत एकच शब्द लिहायच्या. तातेवला, दरीवरच्या रोपवेतून जाताना, मी त्यांना विचारलं की काय लिहिता. त्या म्हणाल्या की दिवसभरात जे खाल्लं त्यातली एक चव. बाकी सगळं फोटोत येतं. माझी बावीस मिनिटं त्या वहीत नव्हती. मला ते थोडं लागलं, हे कबूल करतो.

तिसऱ्या दिवशी सेलीमच्या खिंडीत जेवायला थांबलो. जुन्या सराईच्या दाराशी, उन्हात, वारा नाही अशा कोपऱ्यात चादर पसरली. सगळ्यांना भूक लागली होती. कोलेतबाईंनी अंड्यावर मीठ भुरभुरलं, खाल्लं, आणि वही काढून लिहिलं. मी काकडी उभी चिरून मीठ लावून खाल्ली. डबा हातोहात फिरला. शेवटी साहाकने तळाचं मीठ बोटाने टिपून टोमॅटोला लावलं आणि अंड्यांचं फडकं घडी घालायला उचललं. त्याचं चावणं थांबलं. फडक्याच्या कोपऱ्यात लाल धाग्याने क्रूस भरलेला होता आणि त्याखाली तुझ्या नावाचं पहिलं अक्षर. साहाकच्या बायकोने त्यांच्या मुलीच्या काविळीच्या वेळी असंच फडकं भरलं होतं, त्यामुळे त्याला ओळखायला वेळ लागला नाही. त्याने पाहुण्यांकडे पाहिलं, ते आपल्या भाषेतलं काही समजणार नव्हते, तरी आवाज खाली आणून म्हणाला, “मास्तर, हे नवसाचं मीठ आहे.” मी म्हणालो की मीठ म्हणजे मीठ. तो म्हणाला, “तुमच्या पोटात आहे म्हणून म्हणताय. मेंढ्याला चारायचं मीठ आपण दहा जणांनी खाल्लं.” मी त्याला या प्रथेचा इतिहास सांगायला सुरुवात केली, किती जुनी, कुठून आली, देवळं बदलली पण सुरी कशी तीच राहिली. तो ऐकत नव्हता. तो फडकं चौकोनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवत होता.

तिथून खाली सरोवराकाठी उतरलो, हायरावांकला. खडकावरचं ते छोटं काळं चर्च मी नेहमी एकदा बाहेरून फिरवून दाखवतो, भिंतीतल्या कोरीव क्रूसांच्या शिळांसाठी. तसं फिरवलं. मग कोलेतबाईंना आठवलं की चष्म्याचं घर कुठेतरी मागच्या बाजूला ठेवलं, आणि एकट्या त्या खडकावरून जाऊ नयेत म्हणून मी निघालो, तर बाकीचेही शेळ्यांसारखे मागे आले. घर सापडलं. दाराशी परत आलो तेव्हा बर्नारना पूर्वेकडच्या एका शिळेवर आता ऊन आलं असेल, फोटो हवा, असं सुचलं. सगळे पुन्हा निघाले. मी पुढे. कोपरा वळून दाराशी आलो तर साहाक पायरीवर उभा होता, तीन बोटं वर करून. हसत नव्हता. “तीन फेऱ्या झाल्या, मास्तर,” तो म्हणाला. “मीठ चारून झालं, चर्चभोवती फिरवून झालं. आता सुरी कुणाला लावायची तेवढं ठरवा.” पाहुण्यांना वाटलं तो फोटोबद्दल काही सांगतोय, आणि त्यांनी हात हलवले.

मेनुआ, मला चमत्कार वाटला असं समजू नकोस. एका बाईचं चष्म्याचं घर आणि एका म्हाताऱ्याची फोटोची हौस, एवढंच ते होतं. पण मी त्या दारात उभा राहिलो आणि पुढचं वाक्य आलं नाही. आत जाऊन मला वेदीसमोर दहा मिनिटं बोलायचं होतं, शेकडो वेळा बोललेलं. मी फक्त म्हणालो की बाहेर येताना पाठ न वळवता मागे मागे यायचं, आपल्याकडे तसं येतात. ते सगळे अत्यंत गंभीरपणे, एकमेकांच्या पायांवर पाय देत, उलटे बाहेर आले.

चौथ्या दिवशी दिलिजानच्या रानात पाऊस होता. गोशावांकला मी चार वाक्यं बोललो. पाहुण्यांना वाटलं मला ताप आहे; एकीने गोळी दिली. तिथली ती शिळा तुला माहीत आहे, सुईने विणल्यासारखी कोरलेली. शाळेची सहल घेऊन आलो होतो तेव्हा तू आणि तुझा जिवलग तातुल तिच्यासमोर उभे होता आणि तातुलने विचारलं होतं की कोरणाऱ्याच्या हातून एखादी जाळी तुटली तर तो काय करत असेल. मी त्याला उत्तर म्हणून कलेच्या इतिहासावर बोललो होतो. तू त्याला म्हणालास, “शिव्या देत असेल.” तातुल हसून हसून खाली बसला. मी तुम्हा दोघांना बाहेर काढलं होतं.

आता ते लिहितो. गोरिसच्या इस्पितळात, दुपारी, शेजारच्या खाटेवरचा माणूस झोपला आहे का हे दोनदा पाहून, तू मला सांगितलंस की पाण्याला जायची पाळी तुझी होती. तुझ्या बुटाचा बंद तुटला होता, म्हणून तातुल उठला आणि गेला, आणि परत आला नाही. तू ते मला सांगितलंस. एका माणसाला. मी मान डोलावली आणि पांघरूण सारखं केलं. पाच आठवड्यांनी, चौदा माणसांसमोर, पेला हातात घेऊन, माझ्या भाषणाला शेवट हवा होता. आणि मी म्हणालो, “पाळी माझ्या मुलाची होती, गेला तातुल. मग तातुलच्या आईचा मेंढा काय हडकुळा होता?” वाक्य चांगलं होतं. मला तेव्हाच कळलं की चांगलं आहे. टेबलाभोवती कुणी हललं नाही, आणि आयुष्यभराच्या सवयीने मी त्या शांततेला माझं यश समजलो. तू पेला खाली ठेवलास, खुर्ची नीट आत सरकवलीस आणि गेलास. दोन महिन्यांनी देश सोडून लिओंला. मी लोकांना सांगत आलो की मुलगा नवसावरून रुसला, आईच्या बाजूने. चार वर्षं मी हेच सांगितलं, आणि बहुधा स्वतःलाही. नवसावरून तू काहीच बोलला नव्हतास.

त्या संध्याकाळी दिलिजानच्या दुकानातून मी जाड्या मिठाची पिशवी घेतली. साहाककडून फडकं मागून घेतलं. त्याने दिलं, पण विचारलं, “घरी बाईंना सांगणार ना?” मी म्हणालो, बघू. हॉटेलच्या खोलीत मी पहिल्या गाठीसारखी गाठ मारली, लाल धाग्याचा कोपरा बाहेर येईल अशी. छान जमली. सत्य हे राष्ट्राचं पहिलं अन्न आहे, हे वाक्य माझं आहे, तू ते लहानपणी इतक्यांदा ऐकलंस की जेवताना म्हणायचास. मी ती पुरचुंडी टोपलीत ठेवली आणि शांत झोपलो.

पाचव्या दिवशी गेघार्द करून सगळे पाहुणे आपल्याकडे जेवायला आले, नेहमीप्रमाणे. आई वानाद्झोरहून परतली होती. मी आधी आत जाऊन पुरचुंडी मुरंब्यामागे ठेवली. आई शेजारणीबरोबर जमिनीतल्या भट्टीपाशी बसून लावाश लावत होती, पाहुण्या बायका एकेक करून उशीवर पीठ ताणून भट्टीच्या भिंतीला थापत होत्या, अर्ध्या पोळ्या खाली निखाऱ्यांत पडत होत्या, सगळ्या हसत होत्या. मी मधे उभा राहून इकडचं तिकडे सांगत होतो. तेव्हा कोलेतबाईंनी वही उघडली आणि आईकडे बघत, मला सांगायला सांगून, म्हणाल्या की पाच दिवसांत पाच शब्द लिहिले, आणि तिसऱ्या दिवशीचा शब्द मीठ हा आहे. त्या खिंडीत अंड्यावर जे जाडं मीठ होतं, तसं त्यांनी कधी खाल्लं नव्हतं. ते तुमच्या घरचं होतं का, असं विचारा.

आई माझ्या तोंडाकडे बघत राहिली, अर्थ येण्याची वाट पाहत. तिला फ्रेंच येत नाही. मी म्हणू शकलो असतो की बाईंना पोळ्या आवडल्या. साहाक दारात होता, त्यालाही फ्रेंच येत नाही, आणि तरी त्याने मान खाली घातली. मी आयुष्यात खूप काही फुगवून बोललो आहे, पण एका माणसाचं बोलणं दुसऱ्याकडे नेताना कधी बदललेलं नाही; माझ्याकडे तेवढी एक स्वच्छ गोष्ट उरली होती. मी शब्दाला शब्द सांगितलं. आईने हातातली पोळी भट्टीला लावली, उशी खाली ठेवली, हात झटकले आणि आत गेली. मी मागे गेलो. ती फळीसमोर उभी होती, पुरचुंडी हातात. तिने गाठ सोडलीसुद्धा नव्हती. म्हणाली, “ही माझी गाठ नाही.”

मग मी सगळं सांगितलं. खिंड, डबा, दुकानातलं मीठ. उभ्याने सांगितलं, पण भाषण नव्हतं. तिने विचारलं कुणी कुणी खाल्लं. आठ पाहुणे, साहाक आणि मी. “तूसुद्धा?” हो, काकडीला लावून. मग मी हायरावांकचं सांगितलं, कारण लपवायचं आता काही उरलं नव्हतं: चष्म्याचं घर, ऊन, साहाकची तीन बोटं. आणि तुझी आई हसली, मेनुआ. फळीला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “चार वर्षं मी तुला नवसासाठी चर्चच्या दारापर्यंत नेऊ शकले नाही, आनुश,” ती म्हणाली, “आणि तू मीठ खाऊन, तीन फेऱ्या मारून, आपल्या पायांनी परत आलास. मेंढाही एवढ्या सहज जात नाही.” बाहेर पोळ्या जळल्याचा वास आला. ती डोळे पुसून परत भट्टीशी जाऊन बसली आणि मला म्हणाली की बाईंना सांग, हो, घरचंच होतं.

सगळे गेल्यावर, उशा आवरताना, तिने तिच्या अटी सांगितल्या. ती देवाशी माझ्यासारखा वाद घालत नाही. सरळ ठरवून टाकते. शनिवार, सव्वीस तारीख. मेंढा तोच, मामाचा राक्षस. मांस फक्त मिठाच्या पाण्यात शिजेल, त्याच दिवशी सात घरी जाईल, आपल्याकडे काही उरणार नाही. आणि सातांतलं पहिलं घर शुशानिकचं. तिथे ताट मी न्यायचं, मिसाकमामाने नाही. मी म्हणालो की तातुलची आई माझ्या हातून ते घेणार नाही. आई म्हणाली की विचारून ये.

काल सकाळी गेलो. चार वर्षांत मी त्या गल्लीतून गेलो नाही, बाजाराला जाताना गिरणीवरून वळसा घेतो. शुशानिक अंगणात अक्रोड सोलत होती, बोटं काळी झालेली. मी दारातच उभा राहिलो. घरून काही ठरवून गेलो नव्हतो, आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो की शनिवारी नवस फेडणार आहोत, तुमच्याकडे आणलं तर चालेल का. तिने सोलणं थांबवलं नाही. म्हणाली, “पाळीचं मला माहीत होतं, मास्तर. मेनुआ येऊन सांगून गेला होता. तुमच्या त्या जेवणाच्या आदल्या दिवशी. इथेच बसला होता, तुम्ही उभे आहात तिथे.” मला हे माहीत नव्हतं. ती पुढे म्हणाली, “बुटाच्या बंदाचंही सांगितलं. आम्ही दोघं रडलो. मग ठरवलं की हे आपल्या दोघांत राहील, कारण गावाला कळलं की गाव त्याला सुखाने जगू देणार नाही. तुम्ही ते चौदा जणांत वाटलंत. मांस वाटायचं असतं. ते वाटायचं नव्हतं.” म्हणण्यासारखं होतं, पण म्हणालो नाही. तिने एक अक्रोड फोडून माझ्या हातावर ठेवला, जसा कुणाही आल्यागेल्याच्या हातावर ठेवतात. “आणा,” ती म्हणाली. “पण बोलू नका.” मी गिरणीवरून वळसा न घेता परत आलो.

तर हे पत्र मी कशासाठी लिहितोय ते आता सांगतो. माफी मागायला लिहितोय असं वाटलं असेल. तीही आहे यात, पण ती मला नीट मागता येत नाही, तिचंही भाषण होतं, म्हणून वर जे लिहिलं तेच तिच्या जागी धर. आईची आणखी एक अट आहे. दुकानातलं मीठ तिने ओढ्यात टाकलं. ती म्हणते की पहिलं मीठ तिने एकटीने नेलं होतं, म्हणून ते असं गेलं; आता मीठ मुलाच्या घरातलं हवं, आणि ते मी मागायचं. देवाबद्दल माझं मत बदललेलं नाही. सव्वीस तारखेला मी मेंढ्याची दोरी धरीन, तीन फेऱ्या मारीन, शुशानिकच्या दारात ताट ठेवीन आणि तोंड उघडणार नाही. तुझ्या स्वयंपाकघरात जे असेल ते, बारीक, जाडं, कसलंही, मूठभर पुरेल. कागदात बांधून टपालाने पाठवलंस तर सव्वीसच्या आत पोचतं, मी चौकशी केली आहे. स्वतः घेऊन आलास तर आई सारखी बोलत राहील आणि मी गप्प बसेन. फडकं याच पाकिटात ठेवलं आहे, धुऊन. गाठ तू मार.

तुझाच, आणि या वेळी ऐकायला बसलेला,
बाबा